पुढचे काम कोठून येते?

(संस्थेच्या महोत्सवानिमित्त दिलसुखनगर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, आहार, मुलांचे शिक्षण असे भारदस्त विषय झाले. आमच्या वाट्यास आलेला विषय साधा, पोटाचा आहे. चिटणिसांनी विचारले, "आपण कशावर बोलाल?" आम्ही म्हटले, "जे आम्हांस येत नव्हते आणि ठेच लागल्यावर थोडेफार आले, त्यावर बोलू." तेव्हा हे विद्वानाचे भाषण नव्हे. कंत्राटावर संगणकाचे काम करणाऱ्या एका माणसाचे हे निवेदन आहे, असे समजून ऐकावे.

आपली वडील मंडळी या शहरात कशी राहिली, हे प्रथम आठवू. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत मराठवाड्याचे जिल्हे आणि हे शहर एकाच राज्यात होते. औरंगाबाद, नांदेड, परभणीकडचा मुलगा हैदराबादेस येई, सुलतान बाजार, कोठी भागात नातेवाइकांकडे उतरे, १९०७ साली स्थापन झालेल्या विवेकवर्धिनीत शिके आणि पुढे सरकारी कचेरी, रेल्वे, बँक किंवा शाळा यांपैकी एक ठिकाण धरी. एकदा धरले की निवृत्तीपर्यंत सोडायचे नाही. "मुलगा चिकटला" हा शब्दप्रयोग त्याच काळातला. आमचे तीर्थरूप असेच चिकटले आणि छत्तीस वर्षांनी पेढे वाटून सुटले.

आमच्या पिढीत हे पालटले. १९९८ साली माधापूरला सायबर टॉवर्सची इमारत उभी राहिली. अमीरपेठेत आणि आपल्या या दिलसुखनगरात संगणकाचे वर्ग, हॉस्टेले, मेस यांची दाटी झाली. आजही बस डेपोकडून निघून साईबाबांच्या मंदिराकडे चालत गेले, तर वर्गांच्या पाट्या मोजता मोजता माणूस दमेल. या वर्गांतून निघालेल्या मुलांपैकी कित्येक आज नोकरीत नसून कंत्राटावर आहेत. तीन महिने, सहा महिने, फार तर वर्ष. काम सुरू होण्यापूर्वीच ते कधी संपणार, ती तारीख कागदावर लिहिलेली असते.

या धंद्याची रचना वडीलधाऱ्यांस कशी सांगावी, असा प्रश्न आम्हांस नेहमी पडे. उत्तर आम्हांस आपल्या शेजारीच सापडले. कोत्तापेटचा फळबाजार आपणा सर्वांस आठवत असेल. काही वर्षांपूर्वी तो बाटासिंगारमला हलविला. तेथे मोसंबी पिकविणारा निराळा, खाणारा निराळा आणि मध्ये अडत्या. संगणकाच्या कंत्राटात पिकविणारे आम्ही, खाणारी मोठी कंपनी म्हणजे क्लायंट आणि मधला अडत्या तो व्हेंडर. कधी एकामागे एक दोन-तीन अडते असतात. प्रत्येक जण आपली अडत कापतो आणि मोसंबी पिकविणाऱ्यास शेवटचा भाव कळतच नाही. त्यातही एक फरक आहे. मोसंबी विकली गेली की शेतकरी पुढच्या बहाराची वाट पाहतो. आम्हांस मात्र माल विकला जात असतानाच पुढचे गिऱ्हाईक पाहावे लागते. दोन कामांच्या मधल्या रिकाम्या काळास या धंद्यात 'बेंच' म्हणतात. पगारी माणसास बेंचवर निदान पगार मिळतो. आमच्यासारख्यास बेंच म्हणजे घरची चटई.

शियांग बियाओ नावाच्या चिनी मानववंशशास्त्रज्ञाने या शतकाच्या आरंभी हैदराबाद आणि सिडनी येथे राहून या कंत्राटी संगणक-मजुरीचा अभ्यास केला. त्याचे पुस्तक २००७ साली निघाले. एका शहरातून माणूस उचलून दुसऱ्या देशातल्या कामावर ठेवणारे अडते, मधला बेंच आणि या सर्वांचा घरच्या लग्नकार्यांवर होणारा परिणाम, हे सारे त्याने टिपले आहे. आपल्या गल्लीत घडणारी गोष्ट परक्याने येऊन लिहावी आणि आपण ती एकमेकांस सांगूही नये, याचे आम्हांस नवल वाटते.

आता आमची हकीकत. ती २०२३ सालची आहे. आमचे एक कंत्राट सहा महिन्यांचे होते. त्यास तीनदा मुदतवाढ मिळाली. मुदतवाढीचा एक दुर्गुण असा की, माणसास ती नोकरी वाटू लागते. आम्ही जुन्या ओळखींस फोन करणे सोडले. नवीन शिकणे सोडले. एका शुक्रवारी सायंकाळी सहा वाजता दहा मिनिटांची बैठक झाली आणि कळले की, महिनाअखेर आमचा शेवटचा दिवस. पाच मिनिटे आभारप्रदर्शनात गेली. मधल्या अडत्याकडे आमची दोन महिन्यांची बिले थकलेली होती, ती तशीच राहिली.

घरी आम्ही काही सांगितले नाही. आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले होते. धाकट्या भावाचे लग्न जमत होते. आणि खरे सांगायचे तर आम्हांस लाज वाटली. रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून, लॅपटॉपची पिशवी खांद्यास लावून आम्ही दिलसुखनगर स्थानकावर मेट्रोत चढत असू. पूर्वी अमीरपेठेला गाडी बदलून रायदुर्गला जात होतो. आता उस्मानिया मेडिकल कॉलेजच्या स्थानकावर उतरून अफझलगंजच्या सरकारी ग्रंथालयात जाऊ लागलो. तेथे स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले खच्चून बसलेली असतात. त्यांच्यात एक पिकल्या केसांचा माणूस बसतो, याचे कोणास काही वाटले नाही. एका मुलाने मात्र विचारले, "अंकल, आपकी कौनसी एग्झाम है?" आम्ही म्हटले, "बडी है, बेटा."

अकरा आठवडे हे चालले. शंभरावर अर्ज धाडले. सकाळी नऊ ते सायंकाळी सहा संकेतस्थळे पाहायची, जाहिरात दिसली की ठराविक मजकूर चिकटवायचा. चार ठिकाणांहून उत्तर आले, एका ठिकाणी मुलाखत झाली, काम मिळाले नाही. दहाव्या आठवड्यात पैसे संपले आणि आम्ही सौभाग्यवतींच्या पाटल्या त्यांना न विचारता बँकेत तारण ठेवल्या. हे या व्यासपीठावरून सांगणे सोपे नाही. पण ते गाळले तर बाकी भाषणास अर्थ उरणार नाही.

पाटल्या भावाच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी हव्या होत्या. कपाट उघडले आणि सर्व उघडे झाले. सौभाग्यवती रागावल्या, हे सांगावयास नको. परंतु त्यांचा राग पाटल्यांबद्दल नव्हता. त्या म्हणाल्या, "अकरा आठवडे मी डबा भरून दिला, तो कोठे खात होतात?" या प्रश्नाचे उत्तर आम्हांस आजही नीट देता येत नाही.

पुढच्याच शुक्रवारी त्या एका हळदीकुंकवास गेल्या आणि आम्हांस न विचारता त्यांनी चार बायकांत सरळ सांगून टाकले, "यांचे काम संपले आहे, बँकांच्या संगणक-व्यवस्थेचे काम जाणतात, कोणास ठाऊक असेल तर सांगा." त्या चौघींपैकी एकीच्या जावेचा भाऊ पुण्यास एका कंपनीत होता. त्याच्या कंपनीस नेमका असा माणूस हवा होता आणि जाहिरात अजून निघालेली नव्हती. तीन आठवड्यांनी आम्ही कामावर रुजू झालो. दर पूर्वीपेक्षा पाचव्या हिश्श्याने कमी होता. तो आम्ही मुकाट्याने मान्य केला. जे शंभर अर्जांस साधले नाही, ते एका वाक्याने साधले आणि ते वाक्य म्हणजे नेमके आम्ही अकरा आठवडे गिळून बसलो होतो ते.

पुढे आमच्या वाचनात आले की, हा केवळ योगायोग नव्हे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावी, नोकरी बदललेल्या माणसांस त्यांना ती कशी मिळाली, हे विचारले. त्याचा निबंध १९७३ साली प्रसिद्ध झाला. ओळखीतून काम मिळालेल्यांपैकी ज्यांची त्या ओळखीच्या माणसाशी वरचेवर गाठ पडे, असे शेकडा १७ च्या आत होते. अधूनमधून भेट होणारे शेकडा ५५ वर आणि क्वचित भेटणारे शेकडा २८ च्या आसपास. कारण सरळ आहे. आपल्या जिवलग मित्रास जे ठाऊक असते, ते बहुधा आपणांसही ठाऊकच असते. दूरच्या ओळखीचा माणूस निराळ्या वर्तुळात वावरतो, म्हणून त्याच्यापाशी निराळी बातमी असते. जावेचा भाऊ हे नाते आपण थट्टेने उच्चारतो. परंतु कामाची बातमी त्याच वाटेने येते.

आता या अनुभवातून आम्ही जे नियम केले, ते तरुण मंडळींसाठी सांगतो.

पहिला नियम असा की, पुढच्या कामाचा शोध चालू कामाच्या पहिल्या आठवड्यातच सुरू करावा. कंत्राट संपण्याच्या साठ दिवस आधी लेखी विचारावे की मुदत वाढणार काय. तोंडी "बघू, होईल" यास होकार समजू नये. आम्ही आता एक वही ठेवतो. तिच्यात ज्यांच्याबरोबर काम केले त्यांची नावे, काय काम केले आणि शेवटचे बोलणे कधी झाले, एवढेच असते. दर शनिवारी तिच्यातील तिघांस फोन करतो. त्यांतल्या दोन फोनांत काम मागत नाही. त्यांचे कसे चालले आहे ते विचारतो आणि आपल्यास ठाऊक असलेली कामाची बातमी त्यांना देतो.

दुसरा नियम मागण्याच्या पद्धतीचा. "काही काम असेल तर सांगा" या वाक्याने ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. त्याऐवजी असे सांगावे : "मी जुन्या व्यवस्थेतील माहिती नव्या व्यवस्थेत हलविण्याचे काम करतो. गेल्या खेपेस एका पतसंस्थेचे केले. १५ तारखेपासून मोकळा आहे. अशी अडचण कोणास असल्यास माझे नाव सांगाल काय?" हे वाक्य हळदीकुंकवात सांगता येईल इतके सोपे हवे. रेझ्युमेचेही तेच. शिकलेल्या भाषांची यादी कोणी वाचत नाही. काय बिघडले होते, आपण काय केले, त्याने काय फरक पडला, या तीन ओळी प्रत्येक कामाखाली असाव्यात. आता साधी संगणकीय आज्ञावली कृत्रिम बुद्धीची यंत्रे लिहून देतात. तेव्हा गिऱ्हाईक पैसे देते ते केवळ लिहिणाऱ्यास नव्हे. त्याची अडचण समजून घेणाऱ्यास आणि यंत्राने लिहिलेले तपासून जबाबदारी घेणाऱ्यास देते.

तिसरा नियम अडत्यांविषयी. अडत्या वाईट नसतो. मोठ्या कंपन्यांची दारे पुष्कळदा त्याच्यावाचून उघडत नाहीत. पण क्लायंटचे नाव कळल्यावाचून आपला रेझ्युमे पुढे पाठविण्याची परवानगी देऊ नये. एकाच जागेसाठी दोन अडत्यांनी आपले नाव पाठविले, तर पुष्कळदा दोघांचेही बाद होते. आणि जो कामासाठी आपल्याकडे पैसे मागतो, 'अनामत' म्हणून, 'प्रशिक्षण' म्हणून, त्याच्या पायरीवर पाय ठेवू नये. तीच गोष्ट बनावट अनुभवपत्राची आणि आपल्या जागी दुसऱ्याने मुलाखत देण्याची. या शहरात हे धंदे चालतात, हे आपण जाणतो. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात कोणी कोठे किती दिवस नोकरी केली, याची नोंद असते आणि ती तपासली जाते. लबाडी एकदा उघड झाली की पुढची दहा दारे बंद होतात.

चौथा नियम हिशेबाचा. वर्षाचे दिवस ३६५. शनिवार-रविवारचे १०४ गेले, राहिले २६१. सणावारांचे १२, आजारपणाचे १०, नवे शिकण्याचे १५ आणि बेंचचे ६० धरले, तर राहतात १६४. वर्षास घरखर्च, विमा, कर मिळून १२ लाख रुपये लागत असतील, तर दिवसाचा दर सुमारे ७,३०० रुपये हवा. बहुतेक तरुण केवळ सुट्या वगळून २४९ दिवसांनी भागतात आणि सुमारे ४,८०० रुपये दर सांगतात. मग बेंच आला की पाटल्या जातात. ज्या महिन्यात पैसे येतात, त्या महिन्यात ते सर्व आपले नसतात; त्यांतले काही पुढच्या रिकाम्या महिन्याचे असतात. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात साठेपर्यंत नवी गाडी घेऊ नये, एवढेच आमचे अर्थशास्त्र.

पाचवा नियम कागदांचा. वस्तू व सेवा कर २०१७ च्या जुलैपासून आला. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी करावी लागते. ती वेळेवर करावी. परंतु त्याहून महत्त्वाची आणि विनामूल्य नोंदणी आहे ती 'उद्यम'ची. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २००६ सालचा एक कायदा आहे. त्यान्वये घेणाऱ्याने लेखी करार असल्यास फार तर ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावयाचे असतात. उशीर केल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. एकट्या माणसाचा सेवाव्यवसायही यात बसतो. ही नोंदणी काम हाती घेण्यापूर्वी करावी. आम्ही केली नव्हती. थकलेल्या दोन बिलांपैकी एकाचे पैसे पुष्कळ पाठपुराव्यानंतर आले. दुसऱ्याचे आजतागायत आलेले नाहीत आणि येतील, अशी आशा आम्ही सोडली आहे.

आता शेवटचे आणि ज्यासाठी मुख्यतः उभे राहिलो, ते सांगतो. हे सर्व नियम एकट्याने पाळता येतात. परंतु लाज एकट्याने जात नाही. आमची लाज कोठून आली, याचा आम्ही विचार केला. भावाच्या सोयरिकीच्या बैठकीत मुलीकडच्यांनी पहिला प्रश्न केला होता, "मुलाचे पक्के आहे ना? आणि थोरल्याचे?" आम्ही मान डोलाविली. तेव्हा आमचे काम संपून सातवा आठवडा चालू होता. त्या मंडळींचा दोष नाही. आम्हीही आमच्या बहिणीच्या वेळी हाच प्रश्न विचारला होता. जुन्या काळी तो योग्य होता. आज 'पक्के' म्हणविणाऱ्या नोकऱ्याही एका पत्राने जातात. २००१, २००८, २०२० आणि २०२३ या सालांनी ते आपल्या घराघरांस दाखविले. तरीही आपल्यातली मुले कंत्राटावर असल्याचे लपवितात आणि लपविल्यामुळे ज्या शंभर घरांतून बातमी यावयाची, ती शंभर घरे मुकी राहतात.

म्हणून आमची दोन मागणी आहेत. पहिली विश्वस्तांकडे. संस्थेच्या कचेरीत विद्यार्थी-साहाय्याची नोंदवही आहे, तशी कामाचीही एक नोंदवही ठेवावी. कोणाचे काम कोणत्या तारखेस संपते आणि कोणास कसला माणूस हवा आहे, एवढेच तीत लिहावे. ती दर रविवारी तासभर उघडी असावी. नाव उघड नको असेल, त्याचे चिटणिसांपाशीच राहावे. यास खर्च एका वहीचा आहे. पहिले नाव आमचे लिहावे. आमचे चालू काम येत्या पाच महिन्यांत संपते.

दुसरी मागणी येथे बसलेल्या मातापित्यांकडे. यापुढे मुलगा पाहावयास जाल किंवा मुलगी, तेव्हा "पक्के आहे का" असे विचारू नका. "काम संपले तर सहा महिने चालेल इतके बाजूस आहे का, आणि संपले तर घरी सांगाल का," हे दोन प्रश्न विचारा. दुसऱ्याचे उत्तर अधिक लक्ष देऊन ऐका.

पाटल्या आठ महिन्यांनी सोडविल्या. त्या आज सौभाग्यवतींच्या हातांत आहेत आणि त्या समोरच बसल्या आहेत. हे भाषण त्यांना आधी वाचून दाखविले. पाटल्यांचा भाग गाळू काय, असे विचारता त्या म्हणाल्या, "तो ठेवा. डब्याचाही ठेवा." त्यांच्या आज्ञेप्रमाणे दोन्ही ठेवले आहेत.